आधी पट्टे, मग रस्ता

१९०९ च्या जूनमध्ये ॲलिस रॅम्सी नावाची बावीस वर्षांची तरुणी न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला मोटार घेऊन निघाली. बरोबर दोन नणंदा आणि एक मैत्रीण. चौघींपैकी गाडी चालवता येणारी ती एकटीच. स्वतः मोटार चालवत अमेरिका खंड ओलांडणारी ती पहिली स्त्री ठरली, आणि त्याला ५९ दिवस लागले. गाडी मॅक्सवेल कंपनीची होती, वाट दाखवायला 'ब्लू बुक' नावाची मार्गदर्शिका होती. क्लीव्हलंडच्या परिसरात पुस्तकानं सांगितलं की पिवळं घर आणि पिवळं कोठार दिसलं की डावीकडे वळायचं. पिवळं घर काही दिसेना. चौकशी केल्यावर उलगडा झाला: घराचा मालक घोड्यांचा भोक्ता, मोटारींवर त्याचा राग. मोटारवाल्यांची वाट चुकावी म्हणून त्यानं घर हिरवं रंगवून टाकलं होतं.

रंगाचे दोन-चार डबे आणि एक चिडलेला घरमालक, एवढ्यानं अख्खी मार्गदर्शिका निकामी होत होती. त्या काळातल्या अमेरिकन रस्त्यांची अवस्था समजून घ्यायला याहून चांगली सुरुवात मला सापडत नाही. कारण पुढच्या वीस वर्षांत त्या देशानं रस्ता दाखवण्याचा जो उद्योग केला, तोही रंगाच्या डब्यांनीच केला. सरकारनं नव्हे. गावातल्या दुकानदारांनी, हॉटेलवाल्यांनी, टायरच्या आणि सिमेंटच्या कारखानदारांनी, मोटार क्लबांनी आणि काही भन्नाट स्वप्नाळू माणसांनी.

रस्ते नव्हते असं नाही. १९०४ साली केंद्र सरकारच्या रस्तेविषयक कार्यालयानं पाहणी केली, तेव्हा देशात ग्रामीण रस्ते २१ लाख मैलांहून अधिक भरले. पण त्यातल्या जेमतेम सात टक्क्यांवर खडी, मुरूम किंवा तत्सम काही पसरलेलं होतं. बाकी सगळी मातीची चाकोरी. आणि हे रस्ते जात कुठे? शेतावरून रेल्वे स्टेशनला, स्टेशनवरून बाजाराला, बाजारातून चर्चला. लांबचा प्रवास रेल्वेनं करायचा हे ठरलेलं होतं. रस्ता पंचक्रोशीतल्या माणसांचा, आणि त्यांना तो पाठ. मग पाटी लावायची कुणासाठी? रस्त्यांची डागडुजी हेही पंचक्रोशीचंच काम. अनेक ठिकाणी शेतकरी रस्तेकर रोखीनं न भरता वर्षातले काही दिवस अंगमेहनत करून फेडत. पिकाच्या कामातून सवड मिळाली की फावडी घेऊन जायचं, खड्ड्यांत माती लोटायची आणि परत यायचं. पहिल्या पावसात ती माती वाहून जायची.

सुधारणेची ओरड आधी मोटारवाल्यांनी केली नाही, सायकलवाल्यांनी केली. १८८० साली स्थापन झालेल्या 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' या सायकलस्वारांच्या संघटनेनं चांगल्या रस्त्यांची चळवळ चालवली, त्यासाठी मासिक काढलं, पुढाऱ्यांच्या मागे लागली. १८९३ साली केंद्राच्या कृषी खात्यात रस्त्यांसाठी एक चिमुकलं कार्यालय उघडलं, वर्षाला दहा हजार डॉलर तरतुदीचं. त्याचं काम माहिती गोळा करण्याचं, रस्ते बांधण्याचं नव्हे. शेतकऱ्यांना हा सगळा शहरी शौकिनांचा खेळ वाटे, आणि त्या शौकिनांच्या चैनीसाठी आपण कर का भरावा हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. १८९६ नंतर टपाल खातं शेतावर घरपोच पत्रं देऊ लागलं आणि टपालगाडी यायची तर रस्ता धड हवा, असा आग्रह धरला गेला, तेव्हा कुठे शेतकऱ्यांचं मत पालटायला लागलं.

मोटार आली आणि रस्त्यावर परका माणूस आला. त्याला ना फाटा ठाऊक, ना ओढ्याचा उतार. १९०१ पासून निघू लागलेलं ब्लू बुक हा त्याचा पहिला आधार. त्यात एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं वर्णन वळणावळणानं दिलेलं असे: इतके मैल आणि इतके दशांश झाले की चर्चपाशी उजवीकडे, लोखंडी पुलानंतर डावीकडे, शाळेवरून सरळ. चालकाच्या शेजारच्यानं मांडीवर पुस्तक ठेवून मोठ्यानं वाचायचं आणि मैल मोजणाऱ्या यंत्रावर डोळा ठेवायचा. रँड मॅकनॅली या नकाशे छापणाऱ्या कंपनीनं पुढे जाऊन प्रत्येक वळणाचं छायाचित्र काढलं, त्यावर बाण छापला आणि त्याची पुस्तकं केली. दोन्ही युक्त्या हुशारीच्या होत्या आणि दोन्हींत एकच खोट होती. कोठार जळतं, झाड तोडलं जातं, घराला नवा रंग लागतो. शिवाय एक ओळ चुकली की पुढचं सगळं पान चुकीचं. रॅम्सी आणि तिच्या सोबतिणींना तर मिसिसिपीच्या पश्चिमेला ब्लू बुकही उरलं नाही. तिकडे त्यांनी तारांच्या खांबांचा माग काढला. फाटा आला की ज्या बाजूच्या खांबांवर तारा जास्त, तिकडे वळायचं. जास्त तारा म्हणजे पुढे मोठं गाव असणार.

या खांबांवरच पुढे सगळी गोष्ट लिहिली गेली. टेलिफोन आणि टेलिग्राफचे खांब रस्त्याच्या कडेनं ओळीनं उभे होते, दुरून दिसत होते आणि त्यांवर रंग लावायला कुणी अडवत नव्हतं. एका मार्गासाठी एक रंगसंगती ठरवायची. त्या रंगांचे आडवे पट्टे खांबाभोवती डोळ्यांच्या उंचीवर ओढायचे. वळण जवळ आलं की त्याच्या अलीकडच्या खांबावर डावं किंवा उजवं सांगणारं अक्षर घालायचं. परक्या माणसाला आता पुस्तक वाचायला नको, मैल मोजायला नको. आपला रंग दिसतोय तोवर आपण बरोबर आहोत. निरक्षर माणसालाही कळेल अशी ही सोय होती.

या मार्गांत सर्वांत गाजला तो लिंकन हायवे, आणि त्याच्या मुळाशी होता कार्ल फिशर. इंडियाना राज्यातल्या या माणसाची नजर लहानपणापासून अधू, शाळा अर्धवट सुटलेली, सुरुवात सायकलच्या दुकानापासून. ॲसिटिलीन वायूवर जळणारे मोटारीचे दिवे विकून तो गडगंज झाला. १९०९ साली उभ्या राहिलेल्या इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध शर्यतीच्या मैदानामागचा तोच मुख्य माणूस. जाहिरात कशी करायची हे त्याच्या रक्तात होतं. मोटार फुग्याला टांगून शहरावरून उडवण्यापर्यंत त्याची मजल गेली होती.

सप्टेंबर १९१२ मध्ये फिशरनं इंडियानापोलिसला मोटार धंद्यातल्या बड्या मंडळींना जेवायला बोलावलं आणि आपली कल्पना मांडली: अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत खडीचा पक्का रस्ता. एक कोटी डॉलर कारखानदारांनी वर्गणी करून उभे करायचे, त्यातून खडी-सिमेंट घ्यायचं आणि वाटेवरच्या जिल्ह्यांनी मजुरी आणि अवजारं पुरवायची. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला भरणाऱ्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनाला हजारो मोटारी याच रस्त्यानं जाव्यात, एवढ्या घाईनं तो व्हायला हवा होता. गुडइयर टायर कंपनीच्या फ्रँक सायबरलिंगनं तीन लाख डॉलरचा शब्द जागच्या जागी दिला; संचालक मंडळाला विचारायलाही तो थांबला नाही. फिशरच्या उत्साहाची लागण अशी होती.

नकार आला तो हेन्री फोर्डकडून, आणि तो साधासुधा नव्हता. देशात सर्वांत जास्त मोटारी बनवणाऱ्या माणसाचं म्हणणं असं, की कारखानदारांनी पदरचे पैसे घालून रस्ते बांधून दिले तर लोकांना ते स्वतःच्या करातून बांधायची सवय कधीच लागणार नाही. फिशरनं आणि त्याच्या दोस्तांनी पुष्कळ गळ घातली, फोर्ड बधला नाही. मला वाटतं, या सगळ्या इतिहासातला सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय हाच. फोर्ड नाही म्हणाला आणि एक कोटीचा आकडा हाताबाहेर गेला. रस्ता बांधणं जमणार नाही हे संघटनेला लवकरच कळून चुकलं. मग उरलं काय? नाव द्यायचं, रेघ आखायची, खुणा करायच्या आणि लोकांच्या मनात रस्त्याची ओढ निर्माण करायची.

नाव पॅकार्ड मोटार कंपनीच्या हेन्री जॉयनं सुचवलं. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा लिंकनच्या संगमरवरी स्मारकाची चर्चा चालू होती. जॉयच्या मते देश ओलांडणारा रस्ता हेच त्याचं खरं स्मारक. १ जुलै १९१३ रोजी लिंकन हायवे असोसिएशन स्थापन झाली, जॉय तिचा अध्यक्ष झाला. पाच डॉलर दिले की कुणालाही सभासदत्वाचं प्रमाणपत्र मिळे. त्याच वर्षी सप्टेंबरात मार्ग जाहीर झाला: न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरपासून सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंकन पार्कपर्यंत ३,३८९ मैल. तेरा राज्यांतून जाणारी ही रेघ जॉयनं कटाक्षानं सरळ ठेवली होती. निसर्गरम्य ठिकाणांसाठी वळसा नाही, मोठ्या शहरांच्या हट्टासाठी वळसा नाही. अपवाद कोलोरॅडोचा. तिथल्या लोकांनी मार्ग आपल्यावरूनच जाणार असं धरून चालून तयारी केली होती. त्यांची समजूत काढायला डेन्व्हरचा एक फेरा जोडला, आणि १९१५ साली तोही काढून टाकला. ३१ ऑक्टोबर १९१३ ला मार्गावरच्या गावोगावी शेकोट्या पेटल्या, मिरवणुका निघाल्या, भाषणं झाली. खांबांवर लाल, पांढरा, निळा असे पट्टे आले, मधल्या पांढऱ्यावर निळा 'एल'.

रस्ता मात्र होता तिथेच आणि होता तसाच. जुन्याच चाकोऱ्यांना एक मोठं नाव मिळालं होतं.

१९१५ साली एमिली पोस्ट ही लेखिका न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला निघाली. शिष्टाचारावरच्या पुस्तकानं ती पुढे अमेरिकाभर ठाऊक झाली. तेव्हा ती एका साप्ताहिकासाठी प्रवासवर्णन लिहीत होती. लिंकन हायवे म्हणजे एक भव्य राजमार्ग असणार अशी तिची कल्पना. शिकागो सोडल्यावर पाऊस आला आणि इलिनॉयमधल्या रोशेल गावात चिखलानं तिची गाडी अडवून ठेवली. पुढच्या आयोवाची माती तर त्याहून कुप्रसिद्ध. वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीत भर पावसाळ्यात ज्यानं बैलगाडी घातली असेल, त्याला आयोवाचा रस्ता वेगळा समजावून सांगायला नको: चाकाला चिखल, चिखलाला चिखल, आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. तिथे मोटारवाले पाऊस थांबून जमीन वाळेपर्यंत गावातल्या हॉटेलात मुक्काम ठोकत. हॉटेलवाल्यांचं त्यात भलंच होतं.

लिंकन हायवे असोसिएशननं प्रवाशांसाठी जी अधिकृत मार्गदर्शिका काढली, ती आज वाचताना या रस्त्याचं खरं रूप डोळ्यांपुढे येतं. ओमाहाच्या पश्चिमेला राहुटीचं सामान बरोबर घ्या. पेट्रोल मिळेल तिथे टाकी भरून घ्या, टाकी किती भरलेली आहे ते बघू नका. नवे बूट घालून निघू नका. युटाच्या वाळवंटात फिश स्प्रिंग्जजवळ गाडी अडकली तर सेजब्रशची झुडपं पेटवा. वीस मैलांवरूनही धूर दिसतो, तिथला पशुपालक घोडे घेऊन येईल आणि ओढून काढेल. देशाच्या सर्वांत नामांकित हायवेवर मदत मागायची रीत ही, आणि ती अधिकृत पुस्तकात छापलेली.

पैसे नसताना पक्का रस्ता कसा दाखवायचा, यावर असोसिएशननं काढलेली युक्ती मला फार आवडते. एका मैलापुरता काँक्रीटचा रस्ता बांधायचा, आणि तोही गावाला लागून नव्हे तर गावापासून दूर, चिखलाच्या मधोमध. सिमेंट कारखाने सिमेंट फुकट देत, बाकीचं स्थानिकांनी उभं करायचं. असा पहिला नमुन्याचा मैल १९१४ साली इलिनॉयमध्ये माल्टा गावाजवळ तयार झाला. माणूस धडपडत, घसरत, शिव्याशाप देत चिखलातून यायचा आणि अचानक चाकाखाली गुळगुळीत काँक्रीट लागायचं. मैलभर गाडी सुसाट जायची. मैल संपला की धप्पकन पुन्हा चिखलात. त्या माणसाला चांगल्या रस्त्यावर व्याख्यान ऐकवायची गरज उरत नसे. पुढच्या निवडणुकीत रस्त्यांच्या कर्जरोख्यांना त्याचं मत ठरलेलं. व्याख्यानांनी, पत्रकांनी जे साधलं नसतं ते या एकेका मैलानं साधलं.

फिशरचा मार्ग बड्यांचा होता. त्याच्या अगदी उलट टोकाला, दक्षिण डकोटातल्या इप्सविच या चिमुकल्या गावात, १९१२ साली जोसेफ पार्मली या माणसानं एवढंच मनात आणलं की शेजारच्या ॲबर्डीनपर्यंतचा पंचवीसेक मैलांचा रस्ता धड व्हावा. मंडळी जमली, पंचवीस मैलांचा विचार पन्नासवर गेला, मग यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत, आणि बघता बघता 'यलोस्टोन ट्रेल' मॅसॅच्युसेट्सच्या प्लिमथ रॉकपासून वॉशिंग्टन राज्यातल्या प्युजेट साउंडपर्यंत दोन्ही समुद्रांना जाऊन भिडला. रंग अर्थातच पिवळा. माळरानावर खांब नसतील तिथे रस्त्याकडेचे धोंडे पिवळे रंगवले. वर्षातून एक दिवस मार्गावरच्या गावांत दुकानं बंद राहत आणि व्यापारी, शेतकरी, शाळेतली मुलं फावडी-घोडे घेऊन रस्त्यावर उतरत. बायका सगळ्यांचं जेवण रांधून नेत. लोकांना हा मार्ग खरोखर चालतो हे पटवण्यासाठी १९१५ साली शिकागोपासून सिॲटलपर्यंत गाड्यांची साखळी लावून निरोप पोचवला. एका गाडीनं पुढच्या गावी जायचं, तिथे तयार असलेल्या गाडीनं पुढे धावायचं. रात्रंदिवस धावून शंभर तासांच्या आत ते सिॲटलला पोचले.

या चळवळीतलं खरं इंधन असं होतं: गावाचा स्वार्थ आणि गावाचा अभिमान, दोन्ही एकत्र. रेल्वेनं एकदा गावांचं नशीब ठरवलं होतं. स्टेशन ज्या गावाला मिळालं ते वाढलं, ज्याला नाही ते सुकलं. आता तीच संधी रंगाच्या पट्ट्यातून पुन्हा आली होती, आणि कुणालाही ती चुकवायची नव्हती. म्हणून मार्ग कुठून न्यायचा यावर भांडणं जुंपत. फिशरनं १९१४ साली दुसरा मार्ग हाती घेतला, उत्तरेकडून थेट मायामीपर्यंत जाणारा डिक्सी हायवे. मायामी बीचवर त्यानं स्वतः जमिनी घेतल्या होत्या, हेही नमूद करायला हवं. १९१५ साली चॅटनूगाला बैठक भरली, तेव्हा रस्त्यावर हक्क सांगायला गावोगावचे हजारो प्रतिनिधी लोटले. कुणालाच दुखवता येईना. शेवटी एका रस्त्याचे पूर्वेचा आणि पश्चिमेचा असे दोन रस्ते केले, त्यांना फाटे जोडले, आणि रस्त्याचं जाळं झालं. दक्षिणेतल्या या रस्त्यांबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिथला बराचसा भाग तुरुंगातल्या कैद्यांकडून, पायांत बेड्या घालून, बांधून घेतला गेला. त्या कैद्यांत मोठा भरणा कृष्णवर्णीयांचा होता. ज्या रस्त्यावर त्यांच्या माणसांना हॉटेलात खोली मिळत नव्हती, तोच रस्ता ते खणत होते.

अरकॅन्साॅमध्ये विल्यम 'कॉइन' हार्वी या माणसाचं माँटी नी नावाचं विश्रामस्थळ होतं. तिथे गिऱ्हाईक यावं म्हणून त्यानं १९१३ साली ओझार्क ट्रेल्सची संघटना काढली. आसपासच्या चार-पाच राज्यांतले रस्ते या नावाखाली आले. पट्टे इथेही होते, पण हार्वीची हौस मोठी. त्यानं मोक्याच्या चौकांत गावांची नावं आणि अंतरं लिहिलेले उंच सिमेंटचे स्तंभ उभे करवले. त्यातले काही आजही ओक्लाहोमा आणि टेक्ससमध्ये उभे आहेत. याच संघटनेत टल्साचा सायरस एव्हरी नावाचा एक खटपट्या गृहस्थ तयार झाला. तो पुढे परत भेटेल.

या रंगीत मार्गांनी जे दिलं ते मोलाचं होतं, पण त्यांचं बिघडायचं कारणही त्यांच्या जन्मातच होतं. पैसा यायचा वर्गणीतून, वर्गणी यायची गावांकडून, आणि वर्गणी देणाऱ्या गावाला मार्ग आपल्यावरूनच हवा. मग सरळ जाणारी रेघ वर्गणीदारांच्या मागे वेडीवाकडी धावू लागली. चांगल्या संघटनांबरोबर भुरटेही शिरले. एखादा माणूस भारदस्त नावाचा हायवे जाहीर करी, कागदावर नकाशा छापी, दुकानदारांकडून सभासद-फी गोळा करी, दोन-चार खांब रंगवी आणि पुढच्या राज्यात निघून जाई. १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत देशात अडीचशेच्या आसपास नावाचे मार्ग झाले होते: जेफरसन, जॅक्सन, ली, व्हिक्टरी, मेरिडियन, बँकहेड, ओल्ड स्पॅनिश ट्रेल, पाइक्स पीक ओशन-टू-ओशन. एकाच रस्त्यावरून अनेक मार्ग जाऊ लागले. खांबावर खालपासून वरपर्यंत पट्ट्यांवर पट्टे. त्यातला आपला कोणता हे बघायला गाडी थांबवून उतरायचं. ऊन-पावसानं लाल विटकरी होई, पिवळा पांढुरका होई, आणि नव्यानं रंगवायला संघटना उरलेलीच नसे.

खासगी पैशाची ताकद किती, हे युटाच्या वाळवंटात दिसून आलं. तिथला अवघड तुकडा पक्का व्हावा म्हणून गुडइयरनं लाखभर डॉलर दिले. राज्यानं काम सुरू केलं, अर्ध्यात सोडलं आणि आपलं बळ उत्तरेकडच्या वेंडोव्हरच्या रस्त्यामागे लावलं. कारण राज्याचा फायदा तिकडे होता. लिंकन हायवे असोसिएशननं आकाशपाताळ एक केलं, उपयोग झाला नाही. रस्त्याला नाव कुणीही देईल. रस्ता कुठे बांधायचा हे ज्याच्या हातात जमीन, कर आणि इंजिनियर आहेत तोच ठरवणार.

आणि ती सत्ता या काळात उभी राहत होती. १९१६ च्या कायद्यानं केंद्राचा पैसा राज्यांना रस्त्यांसाठी मिळू लागला, त्यातली एक महत्त्वाची अट: राज्यात रस्त्यांचं रीतसर खातं हवं. १९१९ साली सैन्याचा ट्रकांचा ताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला मुख्यतः लिंकन हायवेनंच गेला. त्याला ६२ दिवस लागले, वाटेत लाकडी पूल कोसळले, ट्रक वाळूत रुतले. ताफ्यात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा तरुण अधिकारी हे सगळं पाहत होता. नाव मिळून सहा वर्षं झालेल्या रस्त्याची ही स्थिती. त्याच वर्षी ऑरेगन राज्यानं पेट्रोलवर कर बसवला आणि तो रस्त्यांसाठी राखला. दहा वर्षांत सगळ्या राज्यांनी तो उचलला. (आपल्याकडेही डॉ. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखालच्या रस्ते समितीनं १९२८ च्या अहवालात हाच मार्ग सुचवला, आणि पेट्रोलवरच्या जादा करातून रस्ते निधी सुरू झाला.) जो रस्ता वापरतो तो पेट्रोल भरताना त्याचे पैसे देतो, हे एकदा जमलं आणि वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळींची गरज संपली. फोर्डचं म्हणणं खरं ठरलं.

खुणांचा प्रश्न आधी विस्कॉन्सिननं सोडवला. १९१८ साली त्या राज्यानं आपल्या सगळ्या मुख्य रस्त्यांना नावांऐवजी क्रमांक दिले, सरकारी पाट्या लावल्या आणि त्यांची देखभाल सरकारकडे घेतली. बाकीची राज्यं एकामागून एक त्याच वाटेनं गेली. पण राज्याची हद्द ओलांडली की क्रमांक बदलायचा. म्हणून १९२५ साली केंद्राच्या आणि राज्यांच्या अधिकाऱ्यांचं एक संयुक्त मंडळ बसलं. मंडळातल्या लोकांना ठाऊक होतं की एखाद्या जुन्या मार्गाला सबंध एकच क्रमांक दिला तर उरलेले दोनशे हक्क सांगत दाराशी येतील. त्यांनी कुठल्याच नावाला अख्खा क्रमांक दिला नाही. लिंकन हायवेचा मोठा भाग ३० क्रमांकात गेला आणि बाकीचे तुकडे इतर क्रमांकांत वाटले गेले.

मांडणी एडविन जेम्स या इंजिनियरनं केली. उत्तर-दक्षिण रस्त्यांना विषम आकडे, पूर्व किनाऱ्यावर १ आणि पश्चिमेकडे चढत जाणारे. पूर्व-पश्चिम रस्त्यांना सम आकडे, उत्तरेकडून दक्षिणेकडे चढत जाणारे, आणि खंड ओलांडणाऱ्या मुख्य रस्त्यांना शून्यानं संपणारे. आकडा पाहूनच माणसाला आपण देशाच्या कुठल्या भागात, कुठल्या दिशेनं चाललोय याचा अंदाज यावा. आपल्या राष्ट्रीय महामार्गांना २०१० साली नवे क्रमांक दिले तेव्हा याच जातीची जाळी वापरली, फक्त सम-विषमची अदलाबदल करून: उत्तर-दक्षिण सम, पूर्वेकडून पश्चिमेकडे चढते. म्हणूनच पश्चिम किनाऱ्यावरचा जुना १७ क्रमांक आता मोठा सम आकडा घेऊन ६६ झाला आहे. कोकणात अजून त्याला मुंबई-गोवा हायवेच म्हणतात, आणि अमेरिकेतही कित्येक गावांत लिंकन हायवे हेच नाव पाटीवर आणि तोंडात टिकून आहे.

क्रमांकांवरून भांडणं झालीच. शून्याचा आकडा म्हणजे मान. शिकागोहून लॉस एंजेलिसला जाणाऱ्या तिरक्या रस्त्याला ६० मिळाला होता, आणि त्यामागे ओझार्क ट्रेल्समध्ये मुरलेला, आता ओक्लाहोमाच्या रस्ते खात्यात पोचलेला सायरस एव्हरी होता. केंटकीचे गव्हर्नर विल्यम फील्ड्स खवळले. त्यांच्या राज्यात शून्याचा एकही रस्ता आला नव्हता. महिनोन् महिने पत्रं आणि तारा झाल्या. ६२ देऊ केला, तो एव्हरीला पसंत नव्हता. अखेर ३० एप्रिल १९२६ रोजी मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डहून तार गेली: कुणाला न दिलेला ६६ चालेल. ११ नोव्हेंबर १९२६ ला सुमारे ९६ हजार मैलांची क्रमांकित व्यवस्था मंजूर झाली.

वर्तमानपत्रांतून हळहळ उमटली. लिंकनच्या नावाच्या रस्त्यावरून जाताना मनात काही हलतं, आकड्याच्या रस्त्यावरून काय हलणार, असा तो सूर. मला ती हळहळ समजते, पण ज्यांनी भर पावसात खांबावरचे विटलेले पट्टे ओळखत रात्र काढली असेल त्यांना आकडाच प्रिय वाटला असणार. संघटना एकेक करून मिटल्या. यलोस्टोन ट्रेलची १९३० साली बंद झाली. लिंकन हायवेवाल्यांनी शिल्लक पैशातून काँक्रीटचे सुमारे तीन हजार खुणेचे खांब तयार करवले, आणि १ सप्टेंबर १९२८ रोजी गावोगावच्या स्काउट मुलांनी ते किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत एकाच दिवशी रोवले.

एव्हरीनं मात्र हातातलं काम सोडलं नाही. जी खटपट त्यानं एकेकाळी रंगाच्या पट्ट्यांसाठी केली होती, तीच आता त्यानं आकड्यासाठी केली. १९२७ साली टल्सात त्यानं ६६ क्रमांकाच्या रस्त्याचीच एक संघटना काढली. गावांकडून वर्गणी, माहितीपत्रकं, जाहिराती, सगळं जुन्या पद्धतीनं. पुढच्याच वर्षी चार्ल्स पाइल या इव्हेंट भरवणाऱ्या माणसानं लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कपर्यंत पायी धावण्याची शर्यत काढली आणि ती शिकागोपर्यंत ६६ नंबरच्या रस्त्यानं नेली. मुक्कामासाठी गावांनी पैसे मोजावेत हा त्याचा बेत होता. ४ मार्च १९२८ ला १९९ जण निघाले, ५५ जण पोचले. ३,४०० मैलांहून अधिक अंतर ८४ दिवसांत धावून पहिला आला तो ओक्लाहोमातल्या शेतकऱ्याचा मुलगा, अँडी पेन. बक्षीस २५ हजार डॉलरचं होतं. त्यातून त्यानं आई-वडिलांच्या शेतावरचं कर्ज फेडलं.